आधीचा रकाना

बाईंनी कधी कुणाला शाब्बास म्हटल्याचं मी ऐकलं नाही. एखाद्या पोराने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावलं, तरी बाई नुसतं "लागलं" म्हणायच्या. एकदा एका आईने धीर करून विचारलं, "अहो बाई, जरा कौतुक केलं तर काय बिघडतंय?" बाई म्हणाल्या, "आणि उद्या नाही लागलं, तर कौतुक परत मागायचं का?" मीही तिथेच होतो. मनात म्हटलं, ही बाई म्हणजे दगड आहे.

त्याच बाईंबद्दल लिहायला बसलोय. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हिंगोलीकडच्या आमच्या वस्तीत विहाराच्या भिंतीवर शिकण्याबद्दल मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि त्याच भिंतीच्या सावलीला बसून मी शाळा बुडवायचो. पुढे ती सुटलीच. आता कोथरूडला एका सोसायटीत पाण्याच्या मोटारी आणि व्हॉल्व्ह बघतो. पंपाशेजारची खोली राहायला दिली आहे, तिथे मी आणि माझी लेक प्रज्ञा राहतो. लिहायची सवय मला बाईंमुळे लागली, तीही आधी वाईट लागली आणि मग सुधारली.

बाई सुती साडी नेसायच्या, घोट्याच्या चांगली वर, आणि पायात शाळेच्या पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. कानात, गळ्यात, हातात काही नाही, कारण पोरं ओढतात. केस असे आवळून बांधलेले की कुणाच्या मुठीत टोक येऊ नये. चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला. राहायला कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवतात त्या गल्लीत. तिथून दोन बस बदलून यायच्या. वर्गातल्या किंचाळण्याने बाकीच्या शिक्षिकांची डोकी धरायची, तेव्हा बाई सांगायच्या, "मी ठोक्यांत वाढले. आवाज थांबला की मला काळजी वाटते."

शाळा म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. ज्या मुलांना दुसरीकडे कुणी ठेवून घेत नाही, अशी अठरा मुलं. दारात बाईंच्या अक्षरातल्या पाट्या. 'चपला हातात घेऊन आत याव्यात. बाहेर काढल्यास रस्त्यावरून गोळा कराव्या लागतील.' एका मुलाला चपला फेकायचा नाद होता, आणि बाईंचं म्हणणं, तो शिकेपर्यंत आपण शिकू. दुसरी पाटी, 'मुलांबद्दल मुलांसमोर बोलू नये. त्यांना ऐकू येते.' आणि सगळ्यांत मोठी, 'का, असे विचारू नये. आधी काय झाले, ते विचारावे.'

ही शेवटची पाटी बाई शाळेबाहेरही सोबत घेऊन फिरायच्या. एकदा त्यांच्यासोबत बसने जात होतो. थांबा चुकला म्हणून एक माणूस कंडक्टरच्या अंगावर धावून गेला. बाई उठून त्यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "आधी काय झालं?"

"थांबा गेला ना माझा!"

"त्याच्या आधी?"

"डोळा लागला होता."

"त्याच्या आधी?"

"आधी काय, आधी डबल ड्युटी झाली. तुम्हाला काय करायचंय, आजी?"

कंडक्टर म्हणाला, "बसा तुम्ही, पुढच्या सिग्नलला सोडतो." बाई जागेवर येऊन बसल्या. मी म्हटलं, मिटलं की बाई. "मिटलं नाही," त्या म्हणाल्या, "फक्त मारामारी झाली नाही."

मुलांना मात्र त्या 'आपण' म्हणायच्या. आमच्याकडे साहेबालाही कुणी एवढं आदराने बोलत नाही. प्रज्ञा पहिल्याच दिवशी त्यांच्या दंडाला चावली. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण आत्ता मला चावलात. मला दुखलं. मी हात धुऊन येते, आपण इथेच बसा." सात वर्षांची माझी पोर तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिला आयुष्यात कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं.

तिची आई ती पाच वर्षांची असताना काविळीने गेली. त्यानंतरच ती अशी झाली. एरवी तासन्‌तास मुकी बसायची आणि मधेच एकदम ताट भिरकावायची, चावायची, डोकं भिंतीवर आपटून घ्यायची. पुण्यात दोन शाळांनी तिला काढलं. दोन्ही ठिकाणी मी खरं-खरं सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, आणि तोच कागद पुढे करून मला सांगण्यात आलं की हिला आमच्याकडे जमणार नाही. डॉक्टरांनी फाईल दिली होती. ती बाईंपुढे धरली, तर त्यांनी न उघडता कपाटात टाकली. "फाईल कपाटात, मुलगी वर्गात. आणि तुम्ही इथे बसा, अहो बाबा." पालकांना त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवायच्या. माझे गुडघे छातीला लागत होते. सातवीत सुटलेल्या शाळेत पुन्हा येऊन बसल्यासारखं वाटलं.

तेव्हा त्यांनी मला चाळीस पानांची एक वही दिली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते. आधी काय झालं, काय झालं, नंतर काय झालं. घरी प्रज्ञा बिथरली की त्यात लिहायचं आणि रोज सकाळी वही आणायची. शाळेतलं त्या स्वतः लिहायच्या. "सुंदर अक्षर नको, विचार नकोत. फक्त आधीचा रकाना रिकामा सोडू नका."

मी वही रोज नेली. रोज मधल्या रकान्यात एकच लिहिलं, 'शांत होती.'

शांत कुठली! पण कागदावर खरं लिहिलं की पोरीची शाळा जाते, हे मी दोनदा शिकलो होतो. सलग एकवीस दिवस मी 'शांत होती' लिहिलं. पुढे सवयच झाली. बाई वही वाचायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि "बरं" म्हणायच्या.

शाळेत मात्र प्रज्ञा रोज सुटायच्या वेळी बिथरायची. बाकीचा दिवस बरा, आणि घरी तर, माझ्या वहीप्रमाणे, सगळं शांत. यावरून बाईंनी हिशेब मांडला की पोरीला शाळा आवडते, तिला निघायचं नसतं, म्हणून तिला शाळेच्या माणसांसोबत जास्त वेळ मिळाला पाहिजे. त्याच महिन्यात पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेतावर दिवसभराची सहल ठरली होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेची मंडळी प्रज्ञाला न्यायला तयार नव्हती. बाईंनी माझी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि तिची जबाबदारी लेखी स्वतःवर घेतली.

सहलीच्या सकाळी मी तिचा जादाचा फ्रॉक आणि पाण्याची बाटली पिशवीत घालत होतो, तेव्हा तिने माझा गाल ओरबाडला. शाळेत बाईंनी विचारलं, "हे काय?"

"दाढी करताना लागलं."

"डोळ्याखाली दाढी येते तुम्हाला?"

मी हसलो. त्या मुलं मोजायला वळल्या. बस सुटली.

पुढचं मला तिथल्या तरुण शिक्षिकेने सांगितलं. दिवस छान गेला. प्रज्ञाने उसाचं एक कांडं संपवलं. चार वाजता निघताना या शिक्षिकेने मदत म्हणून तिचा फ्रॉक, बाटली, राहिलेला ऊस तिच्या पिशवीत भरायला घेतला. प्रज्ञाने किंकाळी फोडली आणि ती उसात पळाली. डोक्याच्या वर ऊस, कुठे गेली दिसेना. बाई एकट्या आत शिरल्या. सव्वा तासाने बाहेर आल्या, तेव्हा उसाच्या पात्यांनी त्यांचं तोंड चिरलं होतं, मनगटातून रक्त येत होतं आणि प्रज्ञा त्यांच्या कडेवर होती. मनगटाला चार टाके पडले.

संस्थेने पत्र काढलं. आठ दिवसांत बैठक, आणि मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवासी संस्थेत पाठवण्याचा विचार. ते पत्र मी पंपाच्या खोलीत पाच-सहा वेळा वाचलं. 'निवासी' या शब्दाचा अर्थ मला चांगला कळत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो ते हात जोडायला. खरं सांगायचं माझ्या मनात नव्हतं, हे कबूल करतो. वाटत होतं, बाई मोठ्या आहेत, त्या करतील काहीतरी. त्या डाव्या हाताने रंगीत कागद कापत बसल्या होत्या, उजव्याला पट्टी. त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. बैठकीसाठी त्यांनी लिहिलेला खुलासा. पालकांनी वाचल्याशिवाय कुठलाही कागद वर जायचा नाही, असा त्यांचा नियम होता. "वाचा. मोठ्याने."

मी बोट ठेवून वाचू लागलो. "मुलीच्या वडिलांनी घरच्या नोंदी रोज, न चुकता..." आणि अडकलो.

बाईंना वाटलं, शब्द लागत नाही. "प्रामाणिकपणे," त्या म्हणाल्या.

माझं बोट तिथेच राहिलं.

"प्रामाणिकपणे ठेवल्या आहेत. निष्कर्ष काढण्यात चूक माझी आहे. पुढे वाचा."

मला पुढे वाचता येईना. म्हटलं, "बाई, सगळं खोटं आहे वहीत." आणि त्या बुटक्या खुर्चीवर बसून मी रडलो. गावाकडे बायको गेली तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो.

बाईंनी रडू दिलं. मग तो कागद घेतला, घडी घालून कमरेला खोचला, आणि कपाटातून कोरी वही काढली. "लिहा. एकवीस दिवस, आठवतील तेवढे. सगळे रकाने."

दोन तास लागले. प्रज्ञा शेजारच्या खोलीत होती, मधूनमधून तिचा आवाज येत होता. लिहून झाल्यावर बाईंनी मधला आणि शेवटचा रकाना हाताने झाकला. "आता आधीचा वाचा."

मी वाचलं. दप्तर भरत होतो. डबा पिशवीत घातला. माझे वाळलेले कपडे घडी करून पेटीत ठेवत होतो. दप्तर भरत होतो. वरच्या मजल्यावरची मंडळी गावाला निघाली, त्यांच्या बॅगा जिन्याशी होत्या. दप्तर भरत होतो. पाचव्या-सहाव्या ओळीला मी थांबलो.

"त्याच्या आधी?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या आधी काही नाही."

"पुण्याच्या आधी."

मग मी सांगितलं. आई गेल्यावर प्रज्ञा वर्षभरात चार घरी राहिली. आजोळी, माझ्या मायकडे, परभणीला बहिणीकडे, मग चुलत्याकडे. कुणालाच ती झेपेना. दर वेळी निरोप आला की मी पुण्याहून जायचो, तिला दुसरीकडे सोडायचो आणि तिला सांगायचो, दोनच दिवस, मग मी न्यायला येतो. नायलॉनची एकच निळी पिशवी होती तिची. आत्तासुद्धा तिचे कपडे त्याच पिशवीत असतात, खोलीत कपाट नाही म्हणून.

"पिशवी कोण भरायचं?"

"मी."

बाई उठल्या, पाणी घेऊन आल्या. समजूत घालतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गालावरचा ओरखडा मी पाहिला होता. विचारलं, पण खरं उत्तर येईपर्यंत विचारलं नाही. मला वही खरी ठरायला हवी होती. तेव्हा अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. माझी मी बैठकीत सांगेन. तुमची तुम्ही सांगा."

"मी? त्या लोकांसमोर?"

"मग कोणासमोर? माझ्यासमोर सांगून काय उपयोग, मी काढत नाहीये तिला."

बैठकीला पाच जण होते. गावाकडचं बोलणं तोंडात आलं की मी मधेच थांबून दुरुस्त करत होतो. बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "दुरुस्ती नको. बोला तसंच." मी वहीचं सगळं सांगितलं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पण इतके दिवस खोटं का लिहिलंत?"

"दारात पाटी आहे, अध्यक्ष," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांना राग आला, पण त्यांनी तो आवरला. "बरं. आधी काय झालं?"

मी म्हटलं, "आधी दोन शाळांत खरं लिहून दिलं होतं, साहेब."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला. मग तीन महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पुन्हा असं काही झालं, तर पोर निवासी संस्थेत जाईल.

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून सगळ्या शाळेची रीत बदलली. सुटायच्या वेळी वर्गात कुणी दप्तर भरायचं नाही. दप्तरं बाहेर खुंट्यांवर, पुस्तकांचे दोन-दोन संच, एक घरी, एक शाळेत. प्रज्ञाने रिकाम्या हाताने यायचं, रिकाम्या हाताने जायचं. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा तिला दिला, त्याला कुलूप नाही. "यातलं काही आपल्याशिवाय कुणी हलवणार नाही," एवढंच तिला सांगितलं. पंधरा दिवस कप्पा रिकामाच होता. मग तिने एक मोजा ठेवला. सकाळी येऊन आधी तो बघायची. आठवड्याने दुसरा मोजा ठेवला, मग कागद कापायची कात्री.

घरी मी पंपाच्या भिंतीला एक फळी ठोकली. निळी पिशवी भंगारात देणार होतो, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही देऊ नका, ती तिची आहे. कात्री द्या तिच्या हातात." ती दुपारभर पिशवी कापत बसली. मी दारात, जीव मुठीत धरून. बारीक पट्ट्या केल्या तिने. त्यातल्या थोड्या मी गाठी मारून जोडल्या, त्याचं पायपुसणं झालं.

त्या तीन महिन्यांत ती एकदा एका मुलीला मारून बसली. मला वाटलं, आता झालं. बाईंनी स्वतःच संस्थेला कळवलं, तिन्ही रकाने भरून. आधीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मी तिच्या कप्प्यातली कात्री न विचारता घेतली.' खाली सही. प्रज्ञाला त्यांनी माफीची चिठ्ठीही लिहिली होती, 'आपली माफी मागते' अशी. ती वाचता यावी म्हणून पोर अक्षरं शिकली, असं मला वाटतं. मुदत संपली, तेव्हा तो विषय कुणी काढलाही नाही.

आभार मानायची सोय बाईंकडे नव्हती. पेढे नेले तर म्हणाल्या, "मला साखर आहे, आणि मुलांना काही मिळालं की ती विचारतात कशाबद्दल. वॉचमनला द्या." निवृत्त होताना निरोपसमारंभही करू दिला नाही. माणूस एकदम नाहीसा झाला की मुलं बिथरतात, म्हणून त्यांनी सुरुवातीला आठवड्यात एक दिवस कमी केला, मग दोन, मग तीन. भिंतीवर तक्ता लावला होता, बाई किती दिवस येणार त्याचा. शेवटच्या ओळीत शून्य. आम्हा पालकांना ताकीद दिली, "कसब्यात मुलांना घेऊन यायचं नाही. त्यांना दुसरी माणसं पुरली पाहिजेत." म्हणून मी आजवर गेलो नाही. कधी कामाने त्या बाजूला गेलोच, तर भांड्यांचे ठोके ऐकू येतात तिथपर्यंत जातो आणि वळतो.

बाई आठवड्यातून दोनच दिवस येत होत्या, तेव्हा गावाहून फोन आला. माझी माय पडली, खुब्याचं हाड मोडलं. अडीच वर्षं मी गावी गेलो नव्हतो. प्रज्ञाला घेऊन गावी जायचं म्हणजे पिशवी आली. बाईंना विचारलं.

"पिशवी लागते असं कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "अंगावर घाला."

सकाळच्या एसटीत आम्ही दोघं बसलो ते असे. प्रज्ञाने तीन फ्रॉक एकावर एक घातलेले, मी दोन शर्ट, दोन पँटी. दात घासायचे ब्रश माझ्या खिशात. वैशाखाचं ऊन, घामाच्या धारा, आणि कंडक्टर विचारतोय, "सामान?" "नाही." त्याने आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गावात उतरलो तर पारावरचा म्हातारा म्हणाला, "पुण्याचं पाणी मानवलं की रे लेकराला." घरी जाऊन एकेक फ्रॉक उतरवायला लागलो, तेव्हा माय खाटेवर पडल्या पडल्या इतकी हसली की खुबा दुखायला लागला.

तिसऱ्या दिवशी परभणीची बहीण आली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. प्रज्ञा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बहीण म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ दे हिला म्हैनाभर इथंच. मायलाबी सोबत व्हईल. कुठंय हिचं सामान, आत ठिवते."

मी पटकन उठलो. प्रज्ञाच्या हाताशी काय-काय आहे ते बघून घेतलं. वरवंटा होता, तांब्या होता.

प्रज्ञाने मान वर केली नाही. "माझं सामान पुण्याला आहे," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

बहीण हसली. "समदं?"

"सगळं. फळीवर."

मायने खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. "आन् तुहं रे?"

दर वेळी तिचा निरोप घेताना मी सांगत आलो होतो, थोडे दिवस, माय, मग येतोच कायमचा. तेच तोंडात आलं होतं.

"माहंबी तिथंच हाय, माय," मी म्हटलं.

कूस बदलायची होती तिला, तिने हात पुढे केला. मी तो धरला आणि तिला हळूहळू वळवलं.